अठ्ठेचाळीस केचे दादा

हिंगोलीत दादांच्या घरी चहा मिळतो, पण आधी कॉम्प्युटर लोड व्हावा लागतो. हा कॉम्प्युटर म्हणजे ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’. इंग्लंडात क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी १९८२ साली झेडएक्स स्पेक्ट्रम बाजारात आणला, त्याचा हा देशी अवतार; डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं १९८६ मध्ये परवाना घेऊन काढलेला. मेमरी ४८ केबी. दादा मात्र नुसतं ‘अठ्ठेचाळीस के’ म्हणतात, जमीनदारानं आपले एकर सांगावेत तसं.

असे दादा आता जिल्ह्यात शोधूनच काढावे लागतात. तरुणपणी पुण्यात डिप्लोमा करताना यंत्राची गाठ पडली, नोकरी विजेच्या खात्यात गेली आणि रिटायर झाल्यावर जुना नाद पुन्हा उफाळून आला. शर्टाच्या खिशात पेन नसतो, बारीक स्क्रू ड्रायव्हर असतो. बैठकीत पिक्चर ट्यूबचा टीव्ही असतो आणि त्याच्याकडे भंगारवाल्यानं नुसतं पाहिलं तरी दादा दार लावून घेतात. वहिनींनी तो टीव्ही विकायचा विषय सोडून दिलाय. आता त्या फक्त त्यावर पापड वाळत घालतात.

स्क्रू ड्रायव्हर लागतो टेपच्या हेडसाठी. स्पेक्ट्रमचा प्रोग्रॅम कॅसेटवर आवाजाच्या रूपात असतो. हेड केसभर तिरकं बसलं की पाच मिनिटं किंचाळल्यावर पडद्यावर ‘टेप लोडिंग एरर’ उमटतं. मग दादा एका हातानं स्क्रू फिरवतात, दुसऱ्या हातानं पाहुण्याला गप्प बसायची खूण करतात. आतून आजींचा आवाज येतो, “ते टेप काहून बोंबलायलंय रे?” पडद्याच्या कडेला निळे-पिवळे पट्टे धावू लागले की दादांच्या चेहऱ्यावर तेज येतं आणि तेव्हाच वहिनी चहाचं आधण ठेवतात.

तरुणपणी कोऱ्या कॅसेटी परवडत नव्हत्या, म्हणून दादांनी घरातल्या भजनांवरच प्रोग्रॅम उतरवले होते. त्यातली एक कॅसेट चुकून गल्लीतल्या सप्ताहात गेली. काकड्यानंतर कर्ण्यातून जे निघालं, त्यानं टाळकरी उठून उभे राहिले. अॅम्प्लिफायर जळाला असं समजून एकानं वायर उपटली. मंडपात दादा तेवढे डोळे मिटून ऐकत होते. “मॅनिक मायनर गेम आहे,” ते हळूच म्हणाले, “हेड चांगलं लागलंय.”

दादांच्या लेखी १९९९ हे साल फार मोठं. १ मे रोजी हिंगोली परभणीतून वेगळा जिल्हा झाला हे एक कारण. दुसरं असं, की सिंक्लेअरचा कॉम्प्युटरचा धंदा १९८६ मध्ये विकत घेतलेल्या अॅमस्ट्रॅड कंपनीनं त्याच वर्षी स्पेक्ट्रमची रॉम एम्युलेटरबरोबर वाटायची मोकळीक दिली. आता कोणालाही साध्या मोबाइलवर स्पेक्ट्रम चालवता येतो. दादा मात्र एम्युलेटरला हात लावत नाहीत. त्यात हेड बिघडत नाही, बेल्ट वितळून डांबर होत नाही, कीबोर्डची पातळ पट्टी तडकत नाही, मग माणसानं दिवसभर करायचं काय?

पुण्याहून आलेल्या भाच्यानं एकदा हिशेब मांडला : त्याच्या मोबाइलच्या आठ जीबीत पावणेदोन लाख स्पेक्ट्रमची मेमरी बसते. “आणि त्यात तू करायलास काय? रील पाहायलास,” दादा म्हणाले. भाच्यानं मग दादा खेळत होते त्या खेळातली खोट काढली. भिंतीजवळून जाताना नायकाचा रंगच बदलत होता. आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत स्पेक्ट्रमला दोनच रंग दाखवता येतात, त्याचा हा परिणाम. दादांनी ते काही सांगितलं नाही. “आपल्या पुढाऱ्यांना चालतं, मग याला काय धाड भरली?” एवढं विचारून ते खेळत राहिले.

सारखं ‘याचा उपयोग काय?’ ऐकून दादांनी शेवटी हळदीच्या पट्टीचा प्रोग्रॅम लिहिला. क्विंटल आणि भाव टाकला की हमाली, तोलाई वजा होऊन रक्कम पडद्यावर येते. धाकट्या भावानं वसमतच्या बाजारात हळद विकली आणि फोन केला. दादांनी टेप लावला. भाऊ फोन धरून थांबला. पहिल्या खेपेला एरर आली. दुसऱ्या खेपेला लोड झालं, तोवर भाऊ पैसे मोजून घेऊन, भजी खाऊन मोकळा झाला होता. पण दादांचा आकडा आला आणि अडत्याच्या पट्टीत अठरा रुपये कमी निघाले!

दादांनी उलटी बेरीज केली, पुन्हा लोड करून पाहिलं. अठरा म्हणजे अठराच. दुसऱ्या दिवशी ते एसटीनं वसमतला गेले, तासभर वाद घातला आणि अठरा रुपये वसूल करून आणले. एसटीचं तिकीट प्रोग्रॅममध्ये धरलेलं नव्हतं.