ओसरीत कापूस, बागेत कुरड्या

हॅरो, लंडन
६ मे २०२०

ती. आई आणि बाबांस,


पत्र लिहायला बसले याचं कारण बाबा. व्हिडिओ कॉलवर तुम्ही फोन असा धरता की मला अर्धा तास आपल्या घराचा पंखा दिसतो आणि "ऐकू येऊन राहिलं काय?" एवढंच ऐकू येतं. पंख्याला जाळं लागलंय, ते काढून घ्या. टपालाचा सध्या भरवसा नाही, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवते. बोटांनी मोठं करा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधलं गाळू नका, तिला कळतं.

आधी तुमचं. आपला जिल्हा कोरोनाच्या हिरव्या झोनमध्ये आला हे सांगताना बाबांचा आवाज दहावीच्या बोर्डात वर्धा पहिलं आल्यासारखा होता. नागपूर लाल, आपण हिरवे. अभिनंदन! पण हिरवं असणं म्हणजे चौकात उभं राहून आल्यागेल्याची विचारपूस करायचा परवाना नव्हे. केळझरच्या गणपतीला घरूनच हात जोडा, त्याचंही दार बंदच आहे.

कापसाचं ऐकून मात्र जीव कळवळला. ओसरीत कापूस, मधल्या खोलीत कापूस, माझ्या खोलीत कापूस, आणि तुम्ही दोघं उरलेल्या जागेत. बाहेर मे महिन्याचं ऊन आणि कूलरसमोरही ढीग! थांबलेली सरकारी खरेदी आता सुरू झाली म्हणता, पण नाव नोंदवा, फोनची वाट पाहा, दिवसाला मोजक्याच गाड्या घेणार. हमीभाव ५५५० रुपये क्विंटल, तो कागदावर. दारात येणारा व्यापारी मूठभर कापूस उचलतो, तोंड वाकडं करतो आणि बराच कमी भाव सांगून पाणी पिऊन जातो. त्यात अंगाला खाज. "खाजवाले दोन हात पुरून नाही राहिले" हे बाबांचं वाक्य मी इथे सगळ्यांना ऐकवलं.

इथल्या लोकांनी मार्चमध्ये टॉयलेट पेपर साठवला. दुकानातली कपाटं रिकामी, मग माणशी इतकेच पुडे असे नियम. शेजारणीला मी कुंपणावरून सांगितलं, आमच्या सेलूच्या घरात कापूस छताला टेकलाय. तिनं इतक्या आदरानं पाहिलं की पुढचा खुलासा करायचं मी टाळलं.

आमच्या घरी तुमचे जवाई इस्त्रीच्या टेबलावर ऑफिस करतात, कारण त्याची उंची कमीजास्त होते. वर कडक शर्ट, खाली बर्मुडा. चिरंजीवांची शाळा २० मार्चपासून बंद. रोज सकाळी नऊला जो विक्स नावाचा एक तरुण यूट्यूबवर देशभरच्या पोरांना कवायत शिकवतो. आमचे चिरंजीव सोफ्यावर लोळत ती पाहतात, आणि सासूबाई खुर्चीत बसून हात वरखाली करतात. "बिचारा सकाळपासून उड्या मारून राहिला, याच्या घरी कोणी चहा देत नाही काय?"

सासूबाई एप्रिलमध्ये आर्वीला परतणार होत्या. २२ मार्चपासून भारतात बाहेरची विमानं उतरायची थांबली आणि त्या अडकल्या. इथल्या सरकारनं अशा लोकांचे व्हिसा ३१ मेपर्यंत वाढवले. सासूबाई फोनवर नातेवाइकांना सांगतात, "राणीनं मले ठेवून घेतलं." पंतप्रधान बोरिस जॉन्सन कोरोनातून उठले आणि २९ एप्रिलला त्यांच्या घरी मुलगा झाला, तेव्हा सासूबाईंची तगमग पाहण्यासारखी होती. बाप आजारातून उठलेला, घरात ओली बाळंतीण, आणि डिंकाचे लाडू द्यायला कोणी नाही!

दर गुरुवारी रात्री आठला लोक दारात येऊन डॉक्टर-नर्सेससाठी टाळ्या वाजवतात. पहिल्या वेळी आमच्या गल्लीत नुसत्याच टाळ्या, त्याही हळू. सासूबाईंनी आतून ताट आणि पळी आणली. आपल्याकडे भारतात २२ मार्चलाच हे झालं होतं, म्हणजे त्या अनुभवी. पुढच्या गुरुवारी गल्लीभर पातेली बाहेर होती.

बाबा, हे आईला ऐकवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. इथे सरकारनं दारूच्या दुकानांना अत्यावश्यक सेवेत घातलं. औषधं, किराणा आणि दारू. परवा मुंबईतल्या रांगाही टीव्हीवर पाहिल्या. गांधीजींच्या जिल्ह्यातून आलेले तुमचे जवाई म्हणाले, आपल्याकडे इतकी वर्षं दारूबंदी आहे, पण रांग कधी लावावी लागली नाही. मी विषय बदलला.

आता कुरड्यांचं. इथे पीठ मिळेना, पण आख्खे गहू देशी दुकानात तसेच पडून, त्यांना कोणी हात लावेना. सासूबाईंनी ते आणवले, तीन दिवस भिजवले आणि मिक्सरमधून काढले. गाळलेला चीक शिजवताना घरभर वास. जवाई मीटिंगमध्ये म्यूट होऊन स्वयंपाकघरात वाटी घेऊन हजर. सोऱ्या नव्हता, तो माझ्याच ट्रंकेत निघाला. आई, तू लग्नात दिलेला. यंदा एप्रिलमध्ये इथे कधी नव्हे इतकं ऊन पडलं. बागेत जुनी चादर अंथरून कुरड्या घातल्या आणि सासूबाई छत्री उघडून राखणीला बसल्या, कारण खारी. संध्याकाळी तर कोल्हाही येतो. त्याला त्या भीत नाहीत. "आपल्या तिकडे बोरच्या जंगलात वाघ आहे, याचं काय घेऊन बसली?"

पलीकडच्या म्हाताऱ्या साहेबानं भीत भीत विचारलं, हा काही धार्मिक विधी आहे का? दुसऱ्या दिवशी सासूबाई जेवायला आत आल्या, तेव्हा तो पाण्याची नळी रोखून खारींवर पहारा देत होता. ह्या वऱ्हाडीत बोलतात, तो इंग्रजीत, आणि दोघांचं कुठे अडत नाही. तळलेल्या कुरड्यांची बशी भिंतीवर ठेवून सासूबाई दोन मीटर मागे सरकतात, मग तो पुढे येतो. आता कोणाला खोकला झाला, कोणी काय मागवलं, कोणाचा मुलगा फोन करत नाही, हे गल्लीत सगळ्यांना माहीत असतं. ज्याला कंटाळून मी सेलूतून निघाले, ते सगळं इथे दारात येऊन उभं आहे. आणि खरं सांगू? मीही आता पडद्याआडून बघते.

बाकी ठीक. बाबांनी बीपीची गोळी चुकवू नये.

तुमची लेक

ता. क. सासूबाई सांगतात ते त्यांच्याच शब्दांत लिहिते: "विहीणबाई, नमस्कार. कापूस विकल्या गेला की नाही ते कळवा. सगळा देऊ नका, एका गादीपुरता ठेवा. इथल्या गाद्या लय मऊ, पाठ मोडते. विमान सुरू झालं की मी आधी सेलूले येते, मग आर्वीले जाते."