धुराची सोय

सामानसुमान सायकलींवर लादून गावोगाव उघड्यावर शेक्सपिअर सादर करणारी ‘हँडलबार्ड्स’ ही ब्रिटिश नाटकमंडळी पर्यावरणस्नेही म्हणून गौरवली जाते. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा, म्हणजे देवदानवांचे लाकडी वा कागदी लगद्याचे मुखवटे चढवून उन्हाळी रात्री संबळाच्या तालावर नाचवली जाणारी सोंगे, टेंभ्यांच्या उजेडात पिढ्यान्‌पिढ्या रंगला, तरी त्याला असे प्रमाणपत्र देण्याचे (सायकल नसल्यामुळे असेल) कोणाला सुचले नाही. पालघर जिल्ह्यातल्याच उमरोळी गावात मात्र अशा सायकलस्वार मंडळीने प्रयोग अवश्य लावावा, कारण शेजारचे तारापूर औद्योगिक क्षेत्र केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात, म्हणजे हवा, पाणी व जमीन यांच्या दूषिततेच्या एकत्रित गुणांकनात, देशात पहिले आले असल्याने धुराचा देखावा तरी सायकलीवरून वाहून आणावा लागणार नाही.