निन्जा, पास आहे का?

आमच्या भाच्याचं दैवत मारुती नाही, रॉक ली आहे. तसा फार फरक नाही. दोघांचाही भर अंगमेहनतीवर. फक्त लीचे केस वाटी उपडी घालून कापलेले आणि भुवया दोन माणसांना पुरून उरतील अशा.

मासाशी किशिमोतोच्या 'नारुतो' या मांगात, म्हणजे जपानी चित्रकथेत, हा पोरगा निन्जा आहे, पण निन्जांची जादू त्याला येत नाही. तोंडातून आग काढणं नाही, नजरेनं भूल पाडणं नाही. येते ती फक्त हाणामारी. म्हणून तो मरेस्तोवर सराव करतो आणि एखादा संकल्प तडीस गेला नाही की स्वतःलाच त्याहून मोठी शिक्षा देतो. गारा नावाच्या निन्जाशी लढताना तो पायातली वजनं काढून टाकतो आणि जमीन हादरते, तेव्हा भाचा आजही सोफ्यावर उभा राहतो.

२०१२ मध्ये जपानी टीव्हीवर या लीचीच विनोदी मालिका आली. केन्जी ताइराच्या मांगावरून केलेली, ५१ भागांची. मला वाटलं, बिचाऱ्याची टिंगल होणार. पाहतो तर ली जसाच्या तसा! तोच अंगाला चिकटलेला हिरवा पोशाख, तेच त्याचे गुरू गाय सर, तेच घळाघळा रडणं. युद्ध तेवढं काढून घेतलंय आणि हातात किरकोळ भानगडी दिल्यात. केशवकुमारांनी 'झेंडूची फुले'तल्या विडंबनांत हेच केलं होतं. सूर प्रेमपत्राचा ठेवला आणि पत्र धाडलं परिटाला.

मग आम्ही मामा-भाच्यांनीही एक मालिका रचली आणि लीला मुंबईतल्या ट्रॉम्बेत आणलं.

भाग पहिला. ली पहाटे ट्रॉम्बेच्या टेकडीला प्रदक्षिणा घालायला निघतो. टेकडीच्या पायथ्याशी भाभा अणुसंशोधन केंद्र. १९५६ साली 'अप्सरा' अणुभट्टी इथंच सुरू झाली. अशा जागी कुणी उगाच धावत शिरत नाही. सीआयएसएफचा जवान विचारतो, "पास?"

ली छाती ठोकून सांगतो, "मेहनत!"

"ती आत सगळेच करतात. पास दाखव."

भाग दुसरा. जेटीवर ओहोटी. ली खाडीच्या चिखलात उतरतो आणि गर्जना करून वजनं सोडतो. जमीन हादरत नाही. बुळुक असा आवाज येतो आणि वजनं गडप. जाळं निवडत बसलेली कोळीण मान वर करते. "लोखंड होतं काय रं बाला? भंगारवाल्यानं चांगलं पैसं दिलं असतं."

भाग तिसरा. मानखुर्द स्टेशन, सकाळची गर्दी. ली प्रत्येकाला "आधी तुम्ही" म्हणतो, त्यामुळे एकाही लोकलमध्ये चढत नाही. शेवटी रुळांच्या कडेकडेनं नव्हे, नियम पाळून रस्त्यानं धावत सीएसएमटी गाठतो आणि हमसून हमसून रडतो. महिन्याचा पास वाया गेला म्हणून.

मी हसून लोळत होतो. भाचा मात्र गंभीर.

"मामा, तिन्ही भागांत तो एकदाही कंटाळला नाही, बघ. कंटाळला असता तर जोकच झाला नसता."

हे मला पटलं. आळशी माणसाचं विडंबन करायला जावं, तर तो आधीच अर्धा उतरलेला असतो. आणखी खाली आणणार कुठं? पडायला उंची लागते. तरीही हुरूप येऊन मी म्हणालो, "अशी एक विनोदी मालिका माझ्यावरही निघेल की!"

भाच्यानं मला सोफ्यावर आडवं पडलेलं नीट पाहून घेतलं.

"निघेल. पण आधी मूळ मालिका यायला हवी ना, मामा?"