सात पायऱ्या

तिसरी घंटा झाली तेव्हा मावशी चौथ्या पायरीवर होती. पायरीवर म्हणजे अधांतरी. कँटीनची दोन पोरं, एक अनोळखी प्रेक्षक आणि मी, अशा चौघांनी तिची व्हीलचेअर उचलली होती. एका हाताने खुर्चीचा दांडा, दुसऱ्या हाताने पदर घट्ट धरून ती म्हणत होती, "सांभाळून रे बाबांनो." मागून येणारे लोक थांबून बघत होते.

मध्यंतरात तिने चहा घेतला नाही. का, विचारलं तर म्हणाली, "इथल्या बाथरूमला दोन पायऱ्या आहेत. बघून ठेवल्यात मी." परतताना रिक्षात म्हणाली, "नाटक झकास होतं. पण मला पुन्हा नको आणूस."

चाळीस वर्षं नाटकं बघितलेल्या बाईचं नाटक सात पायऱ्यांनी सुटलं. आणि हे नाट्यगृह कुणा खासगी मालकाचं नाही, महापालिकेचं आहे. मावशीने आयुष्यभर ज्यांना घरपट्टी भरली, त्यांचं.

तक्रार केली की उत्तर येतं, "आमची माणसं मदत करतात की!" करतात, आणि मनापासून करतात. त्या पोरांचे मी हात जोडून आभार मानले. पण मदत मागावी लागते, आणि ती मागताना माणूस दरवेळी थोडा लहान होतो. हक्काच्या जागी माणूस स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या वेळेला आत जातो.

हा हक्क मी कल्पनेतून काढलेला नाही. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं सत्ताविसावं कलम सांगतं, की समाजाच्या सांस्कृतिक जीवनात मोकळेपणाने भाग घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने २००७ साली मान्य केला. त्याच्या तिसाव्या कलमात नाट्यगृहं, संग्रहालयं, ग्रंथालयं यांची नावं घेऊन हेच लिहिलं आहे. सह्या करण्यात आपण पुढे होतो. बांधकामात मागे राहिलो.

आपला स्वतःचा कायदाही आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं एकोणतिसावं कलम सांस्कृतिक जीवनाविषयीच आहे, आणि त्यात सरकारबरोबर स्थानिक संस्थांवरही जबाबदारी टाकली आहे. पंचेचाळिसावं कलम म्हणतं, की नियम निघाल्यापासून पाच वर्षांच्या आत जुन्या सार्वजनिक इमारतीही सर्वांना वापरता येतील अशा करा. नियम जून २०१७ मध्ये निघाले. मुदत जून २०२२ मध्ये संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की याबाबतचे नियम नुसती शिफारस म्हणून चालणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत. आता पळवाट उरलेली नाही.

"जुनी इमारत आहे, जागा नाही," हे दुसरं उत्तर. हिशेब करू. सहा इंचांच्या सात पायऱ्या म्हणजे साडेतीन फूट उंची. एकास बारा या प्रमाणात चढ द्यायचा तर बेचाळीस फूट रॅम्प लागतो, शिवाय मध्ये विसाव्याचा टप्पा. सरळ बसत नसेल तर वळवून घेता येतो. त्या नाट्यगृहाच्या आवारात दुचाकी लावायच्या रांगा याहून लांब आहेत.

आणि फक्त प्रेक्षकांचं बोलून भागणार नाही. भाग घेणं म्हणजे नुसतं बघणं नव्हे. व्हीलचेअरवरच्या मुलीला नाटकात काम करायचं असेल तर? रंगमंचावर जायला पायऱ्या, मेकअप रूमला पायऱ्या. कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमातच दिव्यांग कलावंतांना सुविधा आणि पाठबळ द्या, असंही लिहिलं आहे. आपण तिच्यासाठी प्रेक्षागृहाचं दार उघडलं नाही, विंगेचं तर तिच्या ध्यानीमनीही येऊ दिलं नाही.

२०११च्या जनगणनेने महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती मोजल्या. नंतर गुडघे गेलेले, वयाने थकलेले त्यात धरलेलेच नाहीत. उद्या त्यात मी असेन, तुम्हीही असाल.

म्हणून माझं मागणं साधं आहे. महापालिकेने आपल्या प्रत्येक नाट्यगृहात व्हीलचेअर वापरणाऱ्या माणसाला सोबत घेऊन जावं आणि फाटकापासून रंगमंचापर्यंतची वाट त्याच्याकडून तपासून घ्यावी. जिथे तो अडेल तिथे काम सुरू करावं. पुढच्या नूतनीकरणात रंग आणि झुंबरांच्या आधी रॅम्प आणि स्वच्छतागृहाचा खर्च धरावा. खुर्च्यांच्या रांगेतच व्हीलचेअरची जागा सोडावी, म्हणजे कुणाला पॅसेजमध्ये वाट अडवून बसावं लागणार नाही.

परवा त्याच नाट्यगृहातल्या नव्या नाटकाची जाहिरात आली. मावशीनेच ती मोठ्याने वाचून दाखवली, नटांच्या नावांसकट, प्रयोगाच्या वेळेसकट. मग पेपरची घडी घातली आणि म्हणाली, "तू जाऊन ये. आलास की सगळं सांग."