पावती आपली, बिल दुसऱ्याच्या नावावर

दंड झालेला नाशिककर आपली बाजू मांडतो तेव्हा ती ऐकण्यासारखी असते. रविवारी सकाळी मिसळीवर दुसऱ्यांदा रस्सा मागवून झाला की ही कैफियत विशेष रंगते. मामा झाडाआड उभे होते. पुढचा रिक्षावाला सरळ निघून गेला, त्याला कोणी हटकलं नाही. मागून बस हॉर्न मारत होती, थांबलो असतो तर तिने उडवलंच असतं. महिनाअखेर होती, त्यांना टार्गेट पुरं करायचं होतं. मागे बसलेली बायको 'चला, चला' म्हणाली. साक्षीदार, हेतू, कटकारस्थान, काही म्हणून कमी नसतं. जिल्हा न्यायालयातल्या मुरलेल्या वकिलाने टिपून घ्यावं असं काम. फक्त एक वाक्य त्यात शोधूनही सापडत नाही: सिग्नल हिरवा होता.

हे जरा नवलाचं आहे. एरवी घरात कपबशी फुटली तरी पहिला बचाव 'मी नाही' हाच असतो. इथे मात्र कृत्याबद्दल वादच नाही. सिग्नल तोडला, हो तोडला. सर्व्हिस रोडवरून उलटा आलो, हो आलो. तक्रार आहे ती पकडलं गेल्याबद्दल. पावती फाटेपर्यंत जे चाललं होतं ती रहदारी, पावती फाटल्यापासून पुढे अन्याय. अशा वेळी तो मामांवर का चिडला, बसवाल्यावर का चिडला, बायकोवर का चिडला याचा खल करण्यात अर्थ नसतो. त्याला मामांचा राग नाही, बसवाल्याचाही नाही. त्याला एक दुसरा माणूस हवा असतो, एवढंच. तो कोण असावा याबाबत त्याचा काही आग्रह नसतो.

हा माझा नुसता संशय नाही, तपासून पाहता येतो. दोष खरोखर चौकातल्या पोलिसाचा असेल, तर पोलीस बाजूला केल्यावर तक्रार थांबायला हवी. आणि तो बाजूला केलाच की आपण! गेल्या आठ-दहा वर्षांत ई-चलान राज्यभर पसरलं. खांबावर कॅमेरा आला, मोबाइलवर मेसेज येऊ लागला. आधीची तक्रार होती की मामा चिरीमिरी घेतात. कॅमेरा चहासुद्धा घेत नाही. मामा लपून उभे राहतात. कॅमेरा चारचौघांत उघड्यावर, उन्हापावसात उभा. मामा ओळखीच्यांना सोडतात. कॅमेऱ्याचे नाशिकमध्ये कोणी पाहुणे नाहीत. म्हणजे मागितलं ते सगळं मिळालं. मग समाधान व्हायला हवं होतं. झालं काय? आता तक्रार अशी की माणसाशी दोन शब्द बोलता तरी येत होते, यंत्राला परिस्थिती कळत नाही. मामा एकेकट्याला धरायचे तेव्हा 'मलाच का' हा प्रश्न होता. कॅमेरा सगळ्यांना धरू लागला तेव्हा 'सगळ्यांनाच लुटतात' हे उत्तर तयार झालं. झाडामागे लपलेला मामा दिसला नाही हे समजू शकतं. खांबावरचा कॅमेरा दिसला नाही म्हणणाऱ्याला खांबावरचा लाल दिवा तरी कसा दिसणार, हा मात्र विचार करण्यासारखा मुद्दा आहे.

याहून मोठा प्रयोग याच शहराने केला. १५ ऑगस्ट २०२१ पासून तेव्हाचे पोलीस आयुक्त दीपक पाण्डेय यांनी नाशिकमध्ये 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' सुरू केलं. पुढे विनाहेल्मेट सापडलेल्यांना नाशिक फर्स्ट या संस्थेच्या ट्रॅफिक एज्युकेशन पार्कमध्ये दोन तास बसवून समुपदेशन, वर परीक्षा, अशीही सोय झाली. कारखाने चालवणारी, मुलांना अभ्यासावरून झापणारी माणसं बाकावर बसून रस्त्याच्या खुणा ओळखू लागली. दोष द्यायच्या दृष्टीने या मोहिमेचं महत्त्व असं की तिने एक कोरा करकरीत दुसरा माणूस उपलब्ध करून दिला: पेट्रोल पंपावरचा पोरगा. त्याने नियम केलेला नाही, तो पोलीस नाही, त्याचा पगार किती ते विचारू नये. पण टाकी रिकामी आणि डोकं उघडं असलेल्या माणसाला तोच समोर दिसत होता, म्हणून शिव्या त्यालाच. ज्यांना भांडायचं नव्हतं त्यांनी शेजारच्या गाडीवाल्याचं हेल्मेट दोन मिनिटं उसनं मागितलं, डोक्यावर ठेवलं, पेट्रोल भरलं आणि परत केलं. एकच हेल्मेट रांगेतल्या चार डोक्यांवरून फिरून मूळ मालकाकडे पोचत असे. आपल्या मेंदूचं रक्षण हा पंपचालकाने घातलेला अडथळा आहे, अशी दृढ समजूत असल्याशिवाय हे जमत नाही.

आता कोणी म्हणेल, हे नाशिकचंच काय, पुण्याला जाऊन बघा. पुण्याचं नाव घेतलं की नाशिककराचं निम्मं पाप धुऊन निघतं हे मला माहीत आहे, पण ही खोड त्याहून जुनी आणि दूरवर पसरलेली आहे. वेगाबद्दल शिक्षा झालेला पहिला मोटारचालक म्हणून वॉल्टर अर्नोल्ड या इंग्रज गृहस्थाचं नाव घेतात. जानेवारी १८९६ मध्ये केंट परगण्यात तो ताशी आठ मैलांनी गाडी हाकत होता, मर्यादा होती दोन मैलांची. पोलिसाने सायकलवरून पाठलाग करून त्याला गाठलं आणि एक शिलिंग दंड झाला. कायद्याच्या चौपट वेग म्हणजे आपल्या गंगापूर रोडवर ताशी दोनशेच्या घरात झालं. फरक इतकाच की सायकलवरचा पोलीस तेव्हा गाठू शकत होता.

मग १९८१ साली ओला स्वेन्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या आणि स्वीडनमधल्या विद्यार्थ्यांना विचारलं की गाडी चालवण्याच्या कौशल्यात तुम्ही इतरांच्या मानाने कुठे बसता. अमेरिकनांपैकी ९३ टक्के आणि स्वीडिशांपैकी ६९ टक्के जणांनी स्वतःला वरच्या निम्म्यात बसवलं. वरच्या निम्म्यात शंभरातली पन्नासच माणसं मावतात, हे सांगायला गणिताचा क्लास लागत नाही. पण यातून आपल्या मिसळवाल्या वक्त्याचा उलगडा होतो. तो खोटं बोलत नसतो. आपण उत्तम चालवतो ही त्याची प्रामाणिक श्रद्धा आहे, आणि उत्तम चालवणाऱ्याला दंड झाला तर चूक अर्थातच दंड करणाऱ्याची. दुसरा सिग्नल तोडतो तेव्हा तो बेशिस्त असतो. आपण तोडतो तेव्हा आपल्याला घाई असते. समोरच्याला कधी घाई नसते, त्याला फक्त संस्कार नसतात.

आक्षेप मात्र आहेत, आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. रस्ते पाहा. पहिल्या पावसात खड्डा, दुसऱ्या पावसात त्याचं तळं, आणि गणपतीपर्यंत त्यात मुरूम. द्वारकेला वर उड्डाणपूल असून खाली गुंता सुटत नाही. इंदिरानगरच्या बोगद्यात आत शिरलेला माणूस बाहेर पडेपर्यंत तत्त्वज्ञ होतो. वाहनतळ न बांधता नो पार्किंगचे फलक लावणं हेही आपल्याकडे नियोजनात धरतात. नाशिक-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरच्या मिर्ची हॉटेल चौकात ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे खासगी बस मालवाहू गाडीवर आदळून पेटली आणि दहावर माणसं गेली; तेव्हा चौकाच्या रचनेवर आणि अतिक्रमणांवर जे बोललं गेलं ते बोलायलाच हवं होतं. सरकारी आकडेवारीतही एक गोम आहे. २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू नोंदले गेले, आणि त्यातले दहापैकी सात मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर टाकलेले आहेत. कागदावर 'अतिवेग' लिहिलं की वळण चुकीचं आखणाऱ्या अभियंत्याला झोप लागते, असा आक्षेप अभ्यासक घेतात आणि त्यात तथ्य आहे. दोष ढकलण्याची कला काही गाडीवाल्याची मक्तेदारी नाही. नवा मोटार वाहन कायदा देशात १ सप्टेंबर २०१९ ला लागू झाला तेव्हा महाराष्ट्र सरकारनेही दंड फार जाचक आहेत म्हणून दिल्लीकडे बोट दाखवलं आणि अंमलबजावणी डिसेंबर २०२१ पर्यंत लांबली. हेल्मेटचा केंद्राचा हजाराचा दंड इथे पाचशेवर आला. राज्य सरकारच घासाघीस करत असेल तर चौकातल्या माणसाने का करू नये?

पण हा सगळा युक्तिवाद ज्याला दंड झाला त्याच्या कामाचा आहे का, ते बघा. खड्ड्यामुळे गाडी वळवावी लागते हे खरं. खड्ड्यामुळे कोणाला फोनवर बोलावं लागल्याचं उदाहरण नाही. चौकाची रचना सदोष असेल तर तिथे हळू जायला हवं. रचना वाईट म्हणून आपण वेग वाढवला, हे उत्तर रुग्णालयातही चालत नाही. वर सांगितलेल्या २०२२ च्या हिशेबात हेल्मेट न घालता गेलेले दुचाकीस्वार आणि त्यांच्या मागे बसलेले मिळून ५०,०२९ आहेत. यातल्या प्रत्येकाला हेल्मेटने वाचवलं असतं असं कोणी म्हणणार नाही, पण महापालिकेने कोणाचं हेल्मेट काढून घेतलेलं नव्हतं. वाईट रस्ता हे सावध राहण्याचं कारण होतं, आपण त्याला सूट मिळण्याचं कारण केलं.

दुसरा आक्षेप चुकीच्या चलानांचा. नंबरप्लेटची नक्कल करून फिरणारे आहेत, एका आकड्याची गल्लत होऊन दुसऱ्याच्याच गाडीचा दंड तिसऱ्याला येतो, मोटारीच्या मालकाला हेल्मेट नसल्याचं चलान येण्यासारखे चमत्कारही होतात. पोलिसांनी स्वतःच्या मोबाइलवर फोटो काढून चलान पाडू नये, असा आदेश २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठांनाच काढावा लागला, म्हणजे पाणी मुरत होतं. हे मान्य. मात्र खरोखर अन्याय झालेला माणूस कसा ओळखावा, याची एक सोपी खूण आहे. तो फोटो शोधतो, त्या दिवशी गाडी कुठे होती त्याचा पुरावा जमवतो, वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक संकेतस्थळावर रीतसर तक्रार टाकतो आणि कंटाळवाण्या तपशिलात बोलतो. मिसळीच्या टेबलावरच्या माणसाकडे तपशील नसतो, त्याच्याकडे कथा असते. खऱ्या तक्रारीच्या वाट्याला जे थोडंफार लक्ष यायला हवं तेही हे कथाकार खाऊन टाकतात, हा माझा त्यांच्यावरचा मुख्य राग आहे.

उरला तो 'सरकारला पैसे हवेत' हा आक्षेप. हवेत, कोणाला नकोत? पण या देशात हा एकच कर असा आहे की तो न भरण्याचा संपूर्ण कायदेशीर मार्ग सरकारने स्वतःच पांढरे पट्टे मारून आणि दिवे लावून दाखवला आहे. चार्टर्ड अकाउंटंट लागत नाही. शिवाय ही वसुली काही फार धडाक्याची नाही. चलान आलं की लोक ते तसंच ठेवतात आणि लोकअदालतीत काही कमी करून मिळतं का याची वाट पाहतात, जणू तो मान्सून सेल आहे. फिनलंडमध्ये दंड उत्पन्नाच्या प्रमाणात आकारतात. २००२ साली नोकिया कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याला पन्नासच्या टापूत ताशी पंच्याहत्तरने मोटारसायकल चालवल्याबद्दल १,१६,००० युरो दंड झाला, पुढे अपिलात तो बराच खाली आला. ही पद्धत नाशिकला आणली तर आपल्याकडच्या कित्येक बंगलेवाल्यांचं उत्पन्न एका रात्रीत दारिद्र्यरेषेखाली जाईल.

सगळ्यात भाबडी आवृत्ती पालकांची. कॉलेज रोडला क्लास सुटायच्या वेळी बघा, सोळा वर्षांची पोरं ट्रिपल सीट येतात आणि पोलिसाने अडवलं तर वडिलांना फोन जातो. वडील तावातावाने येतात ते पोलिसाला विचारायला की मुलाचा क्लास बुडाला त्याची जबाबदारी कोणाची. कायद्यात याचं उत्तर आहे: कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. संपूर्ण मोटार वाहन कायद्यात दोष दुसऱ्यावर ढकलणारं हे एकच कलम असावं, आणि नेमकं तेच या मंडळींना मान्य नाही.

यापुढे तर दोष ढकलणाऱ्यांना सुगीचे दिवस आहेत. सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. कोट्यवधी भाविक येतील, रस्ते बदलतील, बॅरिकेड लागतील, आणि प्रत्येक चुकीसाठी बाहेरगावच्या नंबरप्लेटची गाडी हाताशी असेल. तोवर एमएच १५ वाल्यांनी एक करावं. महाट्रॅफिकच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की थकलेली चलानं दिसतात. चलानासोबत फोटो असतो, तो मोठा करून बघा. बहुधा त्यात बसवाला नसेल, रिक्षावाला नसेल, झाडही नसेल. चलान चुकीचं असेल तर तिथेच तक्रार करा, बरोबर असेल तर तिथेच पैसे भरा. लोकअदालतीची वाट पाहू नका.