पाण्याचा दिवस

आमच्या छत्रपती संभाजीनगरात लग्नाची तारीख काढताना गुरुजींच्या पंचांगाशिवाय आणखी एक पंचांग पाहावं लागतं. ते तोंडी असतं आणि गल्लीगल्लीचं वेगळं असतं. "त्या दिवशी तुमच्याकडं पाणी आहे का?" नळाला पाणी येतं त्या दिवसाला आम्ही 'पाण्याचा दिवस' म्हणतो. त्या दिवशी शहाणा माणूस गाव सोडत नाही. पाहुणा आलाच, तर आधी त्याच्या हातात बादली देतात, चहाचं नंतर बघतात. अशा गावातल्या साठी उलटलेल्या चार माणसांनी बोटीच्या सहलीला जायचं ठरवलं, तेव्हा घरच्यांना आम्ही बुडू याची काळजी वाटली नाही. "त्या आठवड्यात मोटर कोण लावणार?" एवढंच त्यांनी विचारलं. शेवटी बायकांनीच तोडगा काढला. आम्ही जायचं, त्यांनी राहायचं. यात नेमकी सहल कोणाची झाली, हे मला अजून कळलेलं नाही.

चौघांत पहिले आमचे मास्तर. यांनी चौतीस वर्षं भूगोल शिकवला. 'कोची हे पश्चिम किनाऱ्यावरील प्रमुख नैसर्गिक बंदर आहे' हे वाक्य त्यांनी इतक्या पोरांकडून घोकून घेतलंय, की अर्धा गाव ते झोपेत म्हणू शकेल. मास्तरांनी स्वतः मात्र बंदर पाहिलेलं नव्हतं. दुसरे साहेब, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. पाणी दिसलं की ते आधी मोजतात, मग पितात. तिसरे डॉक्टर, जनावरांचे. गाईनं वैरणीबरोबर तार गिळली, तर ती पोटात धरून ठेवायला तिला एक बोटभर लोहचुंबक गिळायला देतात. तसला एक चुंबक निवृत्तीची आठवण म्हणून डॉक्टरांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात कायम अडकवलेला असतो. तो लक्षात ठेवा. चौथा मी. मी बँकेत होतो, म्हणून वर्गणी माझ्याकडं आणि शिव्याही माझ्याकडं.

देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबई, बॅलार्ड पिअरवर बोट, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर चहूकडं पाणी. साहेब कठड्याला धरून बराच वेळ गप्प उभे होते. आमच्यासाठी समुद्र म्हणजे पैठणचा नाथसागर, जायकवाडी धरणाचा जलाशय. साहेबांची निम्मी नोकरी त्याच्या सत्तावीस दरवाजांच्या हिशेबात गेली. "जायकवाडी काठोकाठ भरलं की १०२ टीएमसी," ते म्हणाले, "हे किती असंल हो?" जवळून जाणाऱ्या एका पांढऱ्या गणवेशातल्या अधिकाऱ्यालाही त्यांनी तेच विचारलं. तो हसून निघून गेला. "खाली मृतसाठा किती, वर जिवंत साठा किती, काहीच नोंद नाही," साहेब हळहळले. एवढ्या पाण्याला एक शाखा अभियंता नसावा, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली.

मास्तरांचं दुःख निराळं होतं. आपण समुद्राला नवखे नाही, हे त्यांना जहाजावरच्या गुजराती मंडळींना पटवून द्यायचं होतं. दोन हजार वर्षांपूर्वी पैठणचा माल गाड्यांत भरून भडोचच्या बंदरात जात होता, वीस दिवसांची वाट होती, एका ग्रीक दर्यावर्दीनं तसं लिहून ठेवलंय. शिवाय १६१०मध्ये आमचं गाव, म्हणजे तेव्हाची खडकी, वसवणारा मलिक अंबर खुद्द हबसाणातून समुद्र ओलांडून आलेला. "मग?" डॉक्टर म्हणाले, "त्यानं तरी इथं आल्यावर काय केलं? नहरच खोदली ना?" मास्तर गप्प झाले. आमच्या गावात राजा आला तरी आधी पाण्याचंच बघतो.

खोलीतल्या नळाला चोवीस तास पाणी होतं. पहिल्या रात्री मास्तरांनी दोन बाटल्या, चहाची किटली आणि बर्फाचं भांडं भरून झाकून ठेवलं, तेव्हाच झोपले.

कोची यायच्या आदल्या संध्याकाळी जहाजावर बसच्या सहलींची विक्री सुरू झाली. आकडा ऐकून मी खजिनदार म्हणून हात वर केले. मास्तरांनी तर छातीच पुढं काढली. "मी ह्या बंदराचे नकाशे भरून घेतलेत पोरांकडून. आपण आपलं आपण फिरू." ध्वनिक्षेपकावरून बजावण्यात आलं, की पाचच्या आत परत या, जहाज कोणासाठी थांबणार नाही. हे आम्हाला जरा उर्मटपणाचं वाटलं. आमच्याकडं एखादी म्हातारी लांबून पदर हलवत येताना दिसली, तरी एस.टी.चा कंडक्टर गाडी थांबवतो.

जहाज विलिंग्डन बेटाच्या धक्क्याला लागलं. उतरताच मास्तरांनी पहिला पाठ दिला. हे बेट देवानं केलेलं नाही, रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं केलंय. बंदराच्या तोंडाशी वाळूचा बांध होता, मोठी जहाजं आत येत नसत. त्यानं १९२०च्या दशकात तो बांध कापला, खोल मार्ग खणला, आणि निघालेला गाळ टाकून हे बेट उभं केलं. साहेब मटकन खाली बसले. हातानं जमीन चाचपून बघितली. "आपल्याकडं गाळ काढायचं नुसतं टेंडर निघतं," ते म्हणाले, "ह्या गड्यानं गाळाचं गाव केलं!" यानंतर दिवसभर त्यांना दुसरं काही दाखवलं नसतं तरी चाललं असतं.

रिक्षा. मास्तरांनी दूरदर्शनच्या बातम्यांतली हिंदी काढली, "भाईसाहब, क्या आप हमें मट्टनचेरी ले चलेंगे?" रिक्षावाला लुंगी गुडघ्याच्या वर दुमडत म्हणाला, "कायकू नै साब, बैठो!" आम्ही एकमेकांकडं बघतच राहिलो. ही तर आमच्या गावच्या शहागंजातली बोली! चौकशी केली तेव्हा उलगडलं. गड्यानं चौदा वर्षं जेद्दाला काढली होती, एका खोलीत चार हैदराबादी. हिंदी तो त्यांच्याकडून शिकला. डॉक्टरांना एकदम कंठ फुटला. "मीटर डालो मियाँ!" "मीटर नक्को साब, मैं क्या दुश्मन हूँ?" घरापासून हजार-बाराशे किलोमीटरवर, एका मल्याळी माणसाशी अस्सल दख्खनीत घासाघीस करण्यात जे सुख आहे, ते बसच्या सहलीत मिळालं नसतं. पैसे अर्थात त्यानं जास्तच घेतले.

मट्टनचेरीतलं ज्यूंचं प्रार्थनामंदिर १५६८चं. आत चीनमधून आणलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या आहेत, हातानं रंगवलेल्या. हे सगळं आम्हाला मास्तरांनी बंद दाराबाहेर उभं राहून सांगितलं. तो शनिवार होता आणि शनिवार ज्यूंचा विश्रांतीचा वार. वर्षभर तयारी करणाऱ्या माणसाला वाराची आठवण राहिली नव्हती. "भूगोलात वार येत नाहीत," ते पुटपुटले. आम्ही १७६०च्या घड्याळाच्या मनोऱ्याचा फोटो काढला आणि समोरच्या दुकानांच्या तावडीत सापडलो.

इथं एक कबुली द्यायला हवी. वेरूळ-अजिंठ्याला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांच्या गळ्यात खडे, माळा आणि 'फार जुनं' असलेलं काहीबाही कसं बांधलं जातं, हे बघत आमचं आयुष्य गेलं. त्यांना आम्ही मनातल्या मनात हसत आलो. आणि इथं दहा मिनिटांत मास्तरांच्या हातात पितळेचं एक होकायंत्र होतं. जुन्या जहाजावरचं, असं दुकानदार म्हणाला. त्याच्यामागं तसल्याच जुन्या जहाजांवरची आणखी तीस होकायंत्रं मांडलेली होती. ती आम्हा तिघांना दिसली, मास्तरांना दिसली नाहीत.

शेजारच्या चेर्लाईत चहाला थांबलो, तर टपरीवरच्या आजोबांनी आमचं बोलणं ऐकून विचारलं, "तुमी खंयचे?" पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून सोळाव्या शतकात गोवा सोडून आलेल्या सारस्वतांची वस्ती ही, घरात अजून कोकणी बोलतात. त्यांचं आम्हाला निम्मं कळलं, आमचं त्यांना पाव. डॉक्टरांनी "कामून?" विचारलं तिथं तर संभाषण तुटलंच. पण निघताना त्यांनी दोनदा पाठीवर हात ठेवला, आणि चहाचे पैसे मात्र बरोबर कळले.

मग फोर्ट कोची. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाला पुरलं होतं. हा १५२४च्या डिसेंबरात इथंच वारला. पुढं त्याच्या मुलानं अस्थी पोर्तुगालला नेल्या, आता नुसती शिळा आहे. मास्तरांनी शिळेपाशी हळू आवाजात शब्दांची यादी सुरू केली : पगार, चावी, बिजागरी, इस्त्री, सगळे पोर्तुगीजांबरोबर आलेले. पगारावर मी मान डोलावली. "घमेलंसुद्धा," मास्तर म्हणाले. साहेबांचा चेहरा पडला. अख्ख्या खात्याचं काम ज्या घमेल्यावर झालं, ते परक्याचं निघालं. "आणि बादली." यावर मात्र चौघंही स्तब्ध झालो. वास्को आला नसता, तर पाण्याच्या दिवशी आम्ही काय भरलं असतं?

किनाऱ्यावर चिनी जाळी होती. सागवान आणि बांबूच्या सांगाड्याला टांगलेलं खोलीएवढं जाळं, मागं दोरांना बांधलेले दगड. चार-पाच माणसं दोर ओढतात, दगड खाली येतात, जाळं वर उठतं. "मोटेचाच प्रकार," साहेब म्हणाले आणि न विचारता दोराला जाऊन लटकले. आम्हीही लागलो. "हर हर महादेव" म्हणत ओढलेल्या जाळ्यातून सात बोटभर मासे आणि एक प्लास्टिकची बाटली निघाली. कोळ्यांनी मासे डॉक्टरांपुढं धरले. "मला चार पायांचं विचारा," डॉक्टर म्हणाले.

जेवायला बसलो तर टेबलावर कोमट, गुलाबी पाणी. नळाला असं पाणी आलं, तर आम्ही सगळी गल्ली गोळा करतो. इथं ते पतिमुखम नावाच्या झाडाचं लाकूड उकळून मुद्दाम करतात म्हणे. साहेबांनी पेला उजेडाकडं धरून गढूळपणा पाहिला, तो पास झाला, मग प्याले.

साडेतीन वाजले. विलिंग्डन बेट आग्नेयेला, मास्तरांनी होकायंत्र तळहातावर धरलं. सुई ज्या दिशेला उत्तर दाखवत होती, त्यावरून आग्नेय दिशा अचूक धक्क्याकडं निघत होती. तिथं एक मोठी फेरी बोट लागलेली, मोटारी आणि स्कूटर तिच्यात चढत होत्या. "बेटावर जाणारी दिसते," मास्तर म्हणाले. आम्ही चढलो. ती गेली वायपीनला. वायपीन हेही बेटच, पण उत्तरेला.

उतरल्यावर डॉक्टर डावीकडं पानाच्या टपरीवर गेले. सुईही डावीकडं वळली. डॉक्टर परत आले, सुई परत आली. साहेबांनी एकदा होकायंत्राकडं पाहिलं, एकदा डॉक्टरांच्या खिशाकडं.

"डॉक्टर, किल्ल्या काढा."

इतका वेळ आम्ही उत्तर दिशा समजून गाईच्या चुंबकाच्या मागं फिरत होतो. मास्तर काही बोलले नाहीत. नकाशे भरून घेतलेल्या पोरांपैकी तिथं कोणी नव्हतं, एवढंच समाधान.

परतीच्या फेरीला रांग. पलीकडं उतरलो तेव्हा साडेचार वाजून गेलेले. समोर आमचा जेद्दावाला रिक्षा पुसत उभा. "जहाज छूटता साब?" "हौ!" चौघं एकदम ओरडलो. पाचाला सात कमी असताना धक्क्यावर पोचलो, डॉक्टर धापा टाकत, मास्तर होकायंत्र छातीशी धरून. आणि जहाज? जागच्या जागी. पाच वाजले, साडेपाच वाजले, जहाज हलेना. कळलं ते असं, की जहाजाकडून ठरवलेल्या सहलीच्या दोन बसगाड्या पुलावर अडकल्या होत्या. त्यांच्यासाठी थांबणं भाग होतं. आपले आपण फिरणाऱ्यांसाठी थांबणार नव्हते.

सव्वासहाला भोंगा झाला. गच्चीवर उभे होतो, तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. गावाकडं पाणी एक दिवस आधीच आलं होतं. डाव्या हाताचा व्हॉल्व्ह जाम, मोटर हवा धरतेय. अरबी समुद्रात शिरणाऱ्या जहाजावरून साहेब ओरडून सांगत होते, "आधी डबाभर पाणी ओता मोटरीत! मग बटन! हां, आवाज बदलला का?" आम्ही तिघं श्वास रोखून उभे. खाली पाणीच पाणी, आणि चौघांचे कान आमच्या गावच्या सिडकोतल्या एका टाकीकडं.

"भरली," साहेब म्हणाले आणि फोन खिशात टाकला.

खोलीत आलो तर मास्तर आमच्या आधी येऊन नळाखाली किटली धरून उभे.

"अहो, चोवीस तास येतं इथं," मी म्हणालो.

"माहितीय," मास्तर म्हणाले, "पण ते बर्फाचं भांडं द्या तेवढं."