गृहस्थाश्रमातील सहा गठ्ठे

ज्यांच्या मस्तकात कामांची दाटी होऊन निद्रा पारखी झाली आहे, अशा गृहस्थांनी इटलीच्या फ्रांचेस्को चिरिल्लोचे टोमॅटोच्या आकाराचे घड्याळ पुढ्यात ठेवून दिवसाचे पंचवीस-पंचवीस मिनिटांचे तुकडे पाडीत बसण्याचे काही प्रयोजन नाही. कारण महाराष्ट्राच्या कचेऱ्यांत रूढ असलेली, आणि म्हणूनच 1 मे 1999 रोजी परभणीपासून विभक्त झालेल्या आमच्या हिंगोली जिल्ह्याच्या वाट्यास आपसूक आलेली सहा गठ्ठा पद्धत घरात लावली असता, काम होवो अथवा न होवो, चित्त निश्चित शांत होते.

प्रथम सहा रुमाल मिळवावेत. जुने धोतर फाडले तरी चालेल. गाठ मात्र सरकारी हवी. त्यांत अनुक्रमे चालू प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेखकक्षात धाडावयाची निकाली प्रकरणे आणि नाश करावयाचे ‘ड’ वर्गाचे कागद बांधावेत. स्थायी आदेश सौभाग्यवतींचे असून ते लेखी नसतात, सबब तो रुमाल रिकामा दिसेल; त्यावरून कोणताही गैरसमज करून घेऊ नये.

पद्धतीचे मर्म दुसऱ्या गठ्ठ्यात आहे. ज्या कामात अन्य एकाही मनुष्याचा होकार, सही अथवा सद्बुद्धी अपेक्षित आहे ते काम प्रतीक्षाधीन होय, या व्याख्येने बांधाचा तंटा मोजणीच्या तारखेवर, छपराची गळती गवंड्याच्या निरोपावर आणि उसनवारीची वसुली मेहुण्याच्या विवेकावर सोपविता येते, व नोंद होताच जबाबदारीचे ओझे सशास्त्र रीतीने परक्या शिरावर जाते. विलंबाची लाज बाळगू नये. औंढा नागनाथच्या लायगो वेधशाळेस 2016 साली तत्त्वतः मान्यता मिळाली आणि मंत्रिमंडळाची अंतिम मंजुरी 2023 साली. परंतु ज्या गुरुत्वीय लहरी टिपावयाच्या, त्यांच्यापैकी मानवाने प्रथम टिपलेली लहरच मुळी सुमारे 130 कोटी वर्षे वाटेत होती, हे ध्यानी घेता सात वर्षांचा हिशेब काय मांडावा! दप्तर दिरंगाईचा 2005 चा कायदा नस्ती सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक अडकवू देत नाही खरा, पण तो सरकारी नोकरांना लागू आहे. घरात त्याचा उच्चार न केलेला बरा.

एक अपवाद मात्र नमूद करणे भाग आहे. हळद. शिजवून खळ्यावर वाळत घातलेल्या हळकुंडांवर ऐन फाल्गुनात अवकाळीचे ढग चालून येतात, तेव्हा ते आवक क्रमांक घेत नाहीत, टिपणीची वाट पाहत नाहीत, आणि भिजलेल्या मालाचा भाव मोंढ्यातील व्यापारी पुनर्विचारार्थ ठेवून घेत नाही. त्या घटकेस ताडपत्री लागते. ती सहांपैकी कोणत्याही गठ्ठ्यात सापडत नाही, सबब हंगामापूर्वीच खळ्यावर नेऊन ठेवावी.